कोचीहून लक्षद्वीप: दोघांच्या जहाज सहलीविषयी नाशिककरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या फेब्रुवारीत मी आणि माझे यजमान कोचीहून जहाजाने लक्षद्वीपला जाऊन आलो. परत आल्यापासून गोदाघाटावरच्या सकाळच्या फेरीत, भिशीत आणि लग्नाच्या पंगतीत आम्हाला तेच ते प्रश्न विचारले जातात, आणि मी दिलेले उत्तर व यजमानांनी दिलेले उत्तर बहुधा जुळत नाही. म्हणून दोघांनी एका रविवारी बसून ही उत्तरे लिहून काढली. मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला आहे, तेव्हा काही उत्तरे गरजेपेक्षा लांबली असतील. ती यजमानांनी कापायला सांगितली होती, मी कापलेली नाहीत.

सहलीचा मार्ग नेमका कसा होता?

पहिल्या दिवशी दुपारी कोचीहून प्रस्थान, दुसऱ्या दिवशी कवरत्ती, तिसऱ्या दिवशी मिनिकॉय, चौथ्या दिवशी कल्पेनी आणि पाचव्या दिवशी पुन्हा कोची, असा कार्यक्रम होता. दिवसा बेटावर फिरायचे, दुपारचे जेवण तिथेच करायचे आणि संध्याकाळी जहाजावर परतायचे. रात्रीचा प्रवास होऊन सकाळी पुढचे बेट समोर यायचे. कवरत्ती आणि मिनिकॉय ही दोन्ही बेटे कोचीपासून सुमारे ४०० किलोमीटरवर आहेत, कल्पेनी त्या मानाने जवळ. आम्ही तीन बेटांचे पैसे भरले आणि दोन बेटांवर पाय ठेवला. त्याविषयी पुढे येईलच.

नाशिकहून कोचीला कसे जावे?

ज्यांना दीड दिवस गाडीत बसायला हरकत नाही, त्यांच्यासाठी मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस नाशिकरोडला थांबते आणि थेट एर्नाकुलमला नेऊन सोडते. नाशिकरोडच्या फलाटावर हे नाव आम्ही कित्येक वर्षे ऐकत आलो होतो. त्या नावातल्या बेटांवर कधी जाऊ असे वाटले नव्हते. गाडी कसारा घाट उतरून कल्याण-पनवेलमार्गे कोकण रेल्वेला लागते आणि दुसऱ्या दिवशी केरळात शिरते. ती दिल्लीकडून येते, त्यामुळे उशीर होऊ शकतो हे गृहीत धरावे आणि जहाज सुटण्याच्या किमान एक पूर्ण दिवस आधी कोचीत पोहोचावे. जहाज आपल्यासाठी थांबत नाही. परतीचे तिकीटही जहाज धक्क्याला लागण्याच्या दिवसाचे काढू नये. कोचीत जहाजे विलिंग्डन बेटावरच्या धक्क्यावरून सुटतात. मुक्काम त्याच बाजूला केला तर सकाळची धावपळ वाचते.

परवाना लागतो का? आपण तर भारतीय आहोत.

लागतो. लक्षद्वीप हा केंद्रशासित प्रदेश असला तरी १९६७ च्या प्रवेश व निवास निर्बंधविषयक नियमांनुसार बेटांबाहेरच्या भारतीयांनाही तिथे जाण्यासाठी परवाना घ्यावा लागतो. यामागचे कारण समजून घेतले की त्याचा राग येत नाही. सगळ्या बेटांची मिळून जमीन अवघी ३२ चौरस किलोमीटर, म्हणजे नाशिक महानगरपालिकेच्या हद्दीच्या जेमतेम आठव्या हिश्श्याएवढी आहे, आणि २०११ च्या जनगणनेनुसार तिथे ६४,४७३ माणसे राहतात. एवढ्याशा जमिनीवर कुंभमेळ्यासारखी गर्दी लोटली तर काय होईल, हे नाशिककरांना समजावून सांगायला नको.

आमच्याकडून ओळखपत्र, छायाचित्रे आणि पोलीस पडताळणीचा दाखला मागितला गेला. इथेच पहिला घोळ झाला. ज्या दलालामार्फत आम्ही नोंदणी केली, त्यांनी यजमानांच्या नावातून वडिलांचे नाव वगळून अर्ज भरला, आणि आधार कार्डावर ते होते. ही चूक निघण्याच्या नऊ दिवस आधी, तीही माझ्या लक्षात आली. दुरुस्ती होईपर्यंत घरात दुसरा विषय नव्हता. अर्ज दुसऱ्याने भरला तरी प्रत्येक अक्षर आपण स्वतः आधार कार्डाशी ताडून पाहावे आणि पोलिसांच्या दाखल्यासाठी किमान महिनाभर हाताशी ठेवावा.

कोणत्या महिन्यात जावे?

ऑक्टोबर ते एप्रिलचा मध्य. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि पर्यटकांच्या सहली बंद असतात.

हे जहाज जाहिरातीतल्या क्रूझसारखे असते का?

नाही, आणि ही अपेक्षा घेऊन जाणाऱ्यांचा विरस होतो. जहाजावर पोहण्याचा तलाव, नाटकगृह, रोषणाई यांपैकी काही नव्हते. ते मुळात बेटांवरच्या लोकांची ने-आण करणारे प्रवासी जहाज. पर्यटकांसाठी त्यात काही केबिन राखून ठेवलेल्या होत्या. कोचीच्या इस्पितळातून घरी निघालेली माणसे, सुटीवर चाललेले विद्यार्थी, गाद्या, सायकली, पिठाची पोती असा सगळा संसार आमच्याबरोबर होता. मला ते आवडले. यजमानांचे मत असे की एवढ्या पैशात केबिनच्या नळाला निदान गरम पाणी तरी यायला हवे होते.

बोट लागते का? लागू नये म्हणून काय करावे?

आमच्या यजमानांना कसारा घाटात, सप्तशृंगीच्या वळणांवर किंवा सापुताऱ्याच्या रस्त्यावर कधी गाडी लागलेली नाही. गंगापूर धरणावर बोटीत बसल्याचा अनुभवही त्यांच्या गाठीशी होता. त्या बळावर त्यांनी गोळी घ्यायला नकार दिला आणि अंधार पडल्यावर खुल्या समुद्रात जहाज डुलू लागताच अर्ध्या तासात ते आडवे झाले.

कारण साधे आहे. आपल्या आंतरकर्णात तोल सांभाळणारी इंद्रिये असतात. शरीर हलते आहे असे ती मेंदूला कळवत राहतात. बंद केबिनमध्ये डोळ्यांना मात्र भिंत, पलंग, दिवा सगळे स्थिर दिसते. या दोन साक्षी एकमेकींशी जुळत नाहीत, आणि त्या विसंगतीतून मळमळ सुरू होते. म्हणून आजारी माणसाने केबिनमध्ये पडून राहणे हा उपाय नव्हे, उलट बहुतेक वेळा त्याने त्रास वाढतो. बाहेर येऊन क्षितिजाकडे पाहत बसले की डोळ्यांनाही हालचाल दिसते आणि दोन्ही साक्षी जुळू लागतात. शिवाय जहाज लाटांवर पुढून मागून झोके घेते तेव्हा त्याच्या मध्याला सर्वांत कमी झोका बसतो, पाळण्याच्या दांडीजवळ हिसका कमी लागतो तसा. म्हणून केबिन निवडता आली तर मधली आणि शक्यतो खालच्या मजल्यावरची घ्यावी. आमची अगदी पुढच्या टोकाला होती.

गोळी त्रास सुरू होण्यापूर्वी घ्यायची असते. उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. या गोळ्यांनी झोप येते, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांना त्यांतल्या काही चालत नाहीत, म्हणून आपल्या डॉक्टरांना विचारूनच नेणे बरे. पोट रिकामे ठेवू नये, तुडुंबही भरू नये. आलेपाकाने यजमानांना थोडा उतार पडला. दोन-तीन दिवसांत बहुतेकांचे शरीर सरावते. सहल पाच दिवसांचीच असते, एवढीच अडचण.

दोघांपैकी एकालाच बोट लागली, तर दुसऱ्याने बेटावर उतरावे का?

हा प्रश्न आम्हाला सर्वांत कमी वेळा विचारला जातो. तो आम्ही स्वतःच या यादीत घातला आहे, कारण निघण्यापूर्वी दोघांनी बोलून ठेवण्याची गोष्ट हीच आहे.

कवरत्तीच्या सकाळी यजमानांना मान उचलवत नव्हती. मी थांबते म्हणाले, तर ते म्हणाले, “तू जा. माझ्यासाठी थांबून काय करणार?” चौतीस वर्षांच्या संसारात या वाक्याचे दोन अर्थ मला माहीत आहेत. त्या सकाळी मी मला सोयीचा असलेला अर्थ घेतला आणि उतरले. बेटावर उज्रा मशिदीचे कोरीव लाकडी छत पाहिले, सागरी मत्स्यालय पाहिले, काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ पाहिले. दुपारी जेवताना पाण्याच्या बाटलीसाठी पर्स उघडली, तेव्हा मळमळीच्या गोळ्यांची पट्टी आणि ओआरएसची सगळी पाकिटे माझ्याच पर्समध्ये असल्याचे दिसले. परतीची होडी साडेचारला होती. मधल्या वेळात जहाजावर जाण्याची काही सोय नव्हती.

मी परतले तेव्हा यजमान केबिनमध्ये नव्हते, आणि ती दोन मिनिटे मी कोणाला सांगत नाही. ते मधल्या डेकवर खुर्चीत बसलेले सापडले. जहाजावरच्या एका सफाई कामगाराने त्यांना उठवून, दंडाला धरून तिथे आणून बसवले होते, हाताने दूरची आडवी रेघ दाखवली होती आणि जहाजावरच्या डॉक्टरांकडून गोळीही आणून दिली होती. त्याला मराठी-हिंदी येत नव्हते, यांना मल्याळम येत नाही. सात तासांत जे काम मी करायला हवे होते ते त्याने केले होते. यजमान माझ्याशी रात्री जेवणापर्यंत बोलले नाहीत, आणि मी उज्रा मशिदीविषयी एक अक्षर काढले नाही.

तेव्हा आमचे उत्तर असे: उतरायला हरकत नाही, परंतु आजारी माणसाला आधी केबिनबाहेर उजेडात आणून बसवावे, जहाजावरच्या डॉक्टरांना कळवावे, आणि औषधांची एकच पिशवी न करता दोघांच्या दोन वेगळ्या पिशव्या कराव्यात. “तू जा” हे वाक्य एकदा नव्हे, दोनदा विचारून खात्री करून घ्यावी.

गुडघे दुखणाऱ्यांना होडीत उतरता येते का?

लक्षद्वीपची बेटे ही कंकणद्वीपे आहेत: प्रवाळाचे कडे, आत उथळ खारकच्छ, म्हणजे लगून, आणि कड्यावर जमिनीची चिंचोळी पट्टी. मोठे जहाज उथळ लगूनमध्ये शिरू शकत नाही, म्हणून ते बाहेर उभे राहते आणि प्रवासी जहाजाच्या बाजूच्या दारातून लहान होडीत उतरतात. होडी लाटेबरोबर दोन-तीन फूट वर-खाली होत असते. खलाशी दोन्ही दंड धरतात. होडी वर आली की ते सांगतात त्याच क्षणी पाऊल टाकायचे, आधीही नाही आणि नंतर विचार करतही नाही. साडी नेसून हे करता येते, पण करू नये. पट्ट्याची चप्पल, सलवार-कमीज आणि दोन्ही हात मोकळे, असे असावे. ज्यांना घरातला जिना चढता-उतरताना आधार लागतो, त्यांनी या सहलीचा फेरविचार करावा.

बेटावर गोडे पाणी कुठून येते?

हा माझा आवडता प्रश्न आहे. बेटांवर नदी नाही, ओढा नाही, धरण बांधायला डोंगर नाही. पावसाचे पाणी सच्छिद्र प्रवाळ-वाळूत मुरते आणि खाऱ्या पाण्याहून हलके असल्यामुळे त्याच्यावर भिंगाच्या आकाराच्या पातळ थरात तरंगत राहते. विहिरी त्याच थरावर चालतात. जास्त उपसा केला की खालून खारे पाणी वर येते.

यावर कवरत्तीला २००५ मध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने उभारलेला प्रकल्प आहे, आणि तो मला मशिदीइतकाच सुंदर वाटला, जरी आम्हाला तो बाहेरूनच पाहायला मिळाला. समुद्राच्या पृष्ठभागाचे पाणी तिथे सुमारे २८ अंश सेल्सिअस असते, आणि साधारण ३५० मीटर खोलीवरचे पाणी १२-१३ अंश. हवेचा दाब पुष्कळ कमी केलेल्या टाकीत पृष्ठभागाचे कोमट पाणी सोडले की त्याचा काही भाग लगेच वाफ होतो, कारण दाब कमी झाला की पाणी कमी तापमानालाही उकळते. ती वाफ खोलातून ओढून आणलेल्या थंड पाण्याच्या नळ्यांवर गार केली की गोडे पाणी टपकते. मीठ मागे राहते. प्रवाळबेटाचा उतार एवढा तीव्र असतो की किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर ही खोली मिळते. प्रकल्पाची क्षमता दिवसाला एक लाख लिटर आहे. गंगापूर धरण आटल्याची बातमी आली की आपल्याकडे टँकरची चर्चा सुरू होते. तिथे पाण्याचा एक पेला पुढे आला तेव्हा तो मी पूर्ण संपवला, उष्टा ठेवला नाही.

मिनिकॉयला पाहण्यासारखे काय आहे?

या बेटासाठी सगळा त्रास विसरता येतो. तोपर्यंत यजमान सावरले होते आणि होडीत माझ्याआधी उतरले.

मिनिकॉय उरलेल्या बेटांपासून नऊ अंश खाडीने वेगळे पडलेले आहे. त्याच्या दक्षिणेला आठ अंश खाडी आणि तिच्यापलीकडे मालदीव. त्यामुळे इतर बेटांवर मल्याळम बोलली जाते, तर इथे मालदीवच्या भाषेशी नाते सांगणारी महल भाषा, आणि तिची थाना लिपी उजवीकडून डावीकडे लिहितात. बेटावरच्या गावांना ‘अवह’ म्हणतात आणि गावाच्या वडीलधाऱ्या प्रमुखाला ‘बोडुकाका’. हा शब्द कळल्यावर यजमानांनी आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांना तोच मान देऊन टाकला.

१८८५ सालचे दीपगृह अजून उभे आहे. आत गोल जिना आहे; वर गेल्यावर एका बाजूला लगूनचा फिका हिरवा रंग, दुसऱ्या बाजूला खोल समुद्राचा जवळजवळ काळा निळा, आणि मधे नारळांची पट्टी. कंकणद्वीपाची आकृती मी खडूने फळ्यावर किती वेळा काढली असेल! ती तिथे खाली पसरलेली होती. यजमान गुडघ्यांमुळे अर्ध्यातूनच परत फिरतील असे मला वाटले होते, पण ते वरपर्यंत आले.

इथला मुख्य व्यवसाय ट्यूना मासेमारीचा आहे. जाळे न टाकता, आमिषाचे छोटे मासे पाण्यात फेकून बांबूच्या गळाने एकेक मासा ओढून घेतात. तो शिजवून, धुरी देऊन वाळवला की ‘मास’ तयार होतो आणि महिनोन्महिने टिकतो.

रात्री जहाजावर वेळ कसा घालवावा?

मोबाईलला समुद्रात रेंज नसते, हे वरदान समजावे. मिनिकॉयहून निघाल्यावर आम्ही डेकवर ध्रुवतारा शोधला. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला जितक्या अंशांवर असतो, तितकेच अंश ध्रुवतारा क्षितिजापासून वर दिसतो. नाशिक २० अंशांवर आहे. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण दहा अंश व्यापते, म्हणजे नाशिकला ध्रुव दोन मुठी उंच. मिनिकॉय सव्वाआठ अंशांवर असल्यामुळे तो तिथे एका मुठीच्याही आत येतो आणि क्षितिजावरच्या धुरकट हवेत सहज सापडत नाही. बराच वेळ गेल्यावर तो यजमानांना आधी दिसला. आमच्या लग्नात ध्रुवदर्शनाच्या वेळी गुरुजींच्या सांगण्यावरून त्यांनी मंगल कार्यालयाच्या पत्र्याकडे बोट दाखवले होते आणि मी “दिसला” म्हटले होते. या वेळी खरोखर दाखवला.

एखादे बेट रद्द झाले तर पैसे परत मिळतात का?

आम्हाला मिळाले नाहीत. चौथ्या सकाळी कल्पेनी समोर दिसत होते, पण लाटा मोठ्या होत्या आणि होडी जहाजाच्या बाजूला स्थिर राहीना. अशा वेळी कप्तानाचा निर्णय अंतिम असतो आणि तो तसाच असावा. त्याविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती आयोजकांविषयी. साडेसातपासून अकरापर्यंत आम्ही गळ्यात जीवरक्षक जाकिटे अडकवून रांगेत उभे होतो आणि सहल रद्द झाल्याचे कोणी येऊन सांगितले नाही. भोंग्यावर जे सांगितले गेले, ते अर्धे खरखरीत विरले. बेटावर व्हायचे ते जेवण शेवटी जहाजावर वाढले गेले.

माझे सर्वांत जास्त मन याच बेटावर होते. १८४७ च्या वादळाने कल्पेनीच्या पूर्व आणि आग्नेय किनाऱ्यावर प्रवाळाच्या तुकड्यांचा प्रचंड बांध रचून ठेवला आहे. तो पाहायचा राहिला. दुर्बीण यजमानांची, आणि त्यांनी ती दिवसभर माझ्याकडेच राहू दिली.

नोंदणी करताना ‘हवामानामुळे कार्यक्रम बदलू शकतो’ या ओळीखाली बोट ठेवून नुकसानभरपाईचे लेखी विचारून घ्यावे.

शाकाहाऱ्यांचे हाल होतात का?

होत नाहीत. भात, सांबार, नारळ घातलेली भाजी, पापड, केळी हे रोज मिळाले. चौथ्या दिवशी पोळीची आठवण येते. आम्ही नेलेला नाशिकचा चिवडा दुसऱ्याच दिवशी शेजारच्या केबिनमधल्या मुलांनी संपवला. मनुका आणि राजगिऱ्याचे लाडू प्रवासात उत्तम. पाहुण्यांना भेट म्हणून नाशिकची वाइन नेण्याचा विचार कोणाच्या मनात असेल, तर तो सोडावा. बंगारम वगळता बेटांवर दारूबंदी आहे.

कपडे, पैसे आणि फोन यांचे काय?

बहुतेक सर्व रहिवासी मुस्लिम आहेत आणि राहणी साधी आहे. गावातून फिरताना अंगभर कपडे असावेत. रोख रक्कम जवळ ठेवावी. २०२४ च्या जानेवारीत कोचीहून समुद्राखालून टाकलेल्या ऑप्टिकल फायबरचे उद्घाटन झाले, तरी आम्ही बेटावरच्या रेंजवर फार विसंबलो नाही.

शंख-शिंपले किंवा प्रवाळ आणता येतात का?

प्रवाळ अजिबात नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिलेले आहे, किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडाही उचलू नये. मिनिकॉयला एक तुकडा नमुना म्हणून मीच उचलला होता, शाळेच्या प्रयोगशाळेसाठी. यजमानांनी नुसते माझ्याकडे पाहिले आणि मी तो जागच्या जागी ठेवला.

पुन्हा जाल का?

यावर एकमत झालेले नाही. मला कल्पेनी पाहायचे आहे. यजमानांचे म्हणणे, या वेळी विमानाने जाऊ. लक्षद्वीपमध्ये विमानतळ एकट्या अगत्तीला आहे, हे मी त्यांना नकाशावर दाखवले आणि म्हटले, तिथून पुढे कल्पेनीला जायचे तर बोट लागतेच. या वाक्यावर आमच्याकडे येणारे सगळे हसतात. हे अजून हसलेले नाहीत.